२००० वॅटच्या गिझरला २१२ व्होल्ट आणि ८ अँपिअर: कॉइल गेली का?

तुम्ही लिहिलंय की गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर मोरीत २३० व्होल्ट, २००० वॅटचा गिझर आहे आणि पाणी तापायला हल्ली फार वेळ लागतो. गिझर बंद असताना सॉकेटवर २२९ व्होल्ट, चालू केला की २१२, आणि क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) ८ अँपिअर दाखवतो. कॉइल बदलू का, असा प्रश्न.

बदलू नका. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, २१२ ÷ ८ = २६.५ ओहम. आता तोच गिझरच्या पाटीवरच्या आकड्यांवरून काढा: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. दोन्ही आकडे जुळतात, म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. पॉवर मात्र २१२ × ८ = १६९६ वॅटच मिळतेय. व्होल्टेज ८ टक्के पडलं, पण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणून १५ टक्के गेली.

खरी भानगड त्या १७ व्होल्टची आहे. २२९ मधले १७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १७ ÷ ८ म्हणजे वायरिंगमध्ये सुमारे २.१ ओहम, आणि १७ × ८ = १३६ वॅट उष्णता! जिन्याखालच्या मीटरपासून मोरीपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर २० मीटर धरली, तर जाऊन-येऊन ४० मीटर; किलोमीटरला १२ ओहमच्या हिशेबाने जेमतेम अर्धा ओहम, म्हणजे ४ व्होल्ट. उरलेले १३ व्होल्ट एखाद्या सैल जॉइंटवर पडत असतील तर तिथे शंभरेक वॅट जळतायत. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून समजा. इन्सुलेशन वितळतं ते असंच, आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट ८ अँपिअरच असतो.

शोधायचं कसं? गिझर चालू ठेवून, व्होल्टवर लावलेल्या मल्टिमीटरचा एक प्रोब मेन स्विचच्या येणाऱ्या टर्मिनलवर, दुसरा त्याच तारेच्या जाणाऱ्या टर्मिनलवर. चांगल्या जोडणीवर आकडा शून्याजवळ येतो. ५-६ व्होल्ट दिसले की चोर सापडला. किटकॅट फ्यूज, न्यूट्रलची पट्टी, टेप गुंडाळलेले पीळ, सगळीकडे असंच. न्यूट्रल बहुतेक जण विसरतात. हे काम चालू लाइनवर आहे, तेव्हा परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गिझर चालू केल्यावर जिन्याखालच्या वीजमीटरपाशीच व्होल्टेज पडत असेल, तर दोष तुमच्या वायरिंगच्या मागे आहे. वीज कंपनीकडे तक्रार करा.

क्लॅम्प एकाच तारेभोवती लावा. फेज-न्यूट्रल दोन्ही धरलेत तर शून्य दिसेल. कॉइल ओहमवर मोजताना प्लग काढलेला हवा, नाहीतर मल्टिमीटर जाईल. प्लग काढूनही आकडाच आला नाही, तर आधी थर्मोस्टॅट पाहा. पाणी गरम असताना तो उघडा असतो.

हे गणित पंख्याला लावू नका, तिथे पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) मध्ये येतो. पिवळ्या बल्बलाही नाही: १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. गिझरची नायक्रोम कॉइल मात्र थंड-गरम जवळजवळ सारखीच असते.

जॉइंट सापडला की गिझरसाठी मीटरपासून अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी, मध्ये सांधा नसलेली लाइन आणि १६ अँपिअरचा सॉकेट टाकून घ्या. सामान विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत मिळेल.