धर्मांतरामुळे मायदेशी जिवाला धोका आहे. आश्रयासाठी बाप्तिस्म्याचा दाखला पुरतो का?

नुसता दाखला पुरत नाही. १९५१ च्या निर्वासित करारात छळाच्या पाच कारणांमध्ये धर्म आहे. पण अधिकारी दोन गोष्टी तपासतात: श्रद्धा खरी आहे का, आणि परत गेल्यावर धोका खरा आहे का.

बरेच अर्ज पहिल्यावरच अडतात. माणूस बायबलची वचनं पाठ करून मुलाखतीला जातो आणि ‘हाच धर्म का?’ याला दोन वाक्यांत उत्तर देतो. तिथे बारीक तपशील लागतो: प्रार्थनेला पहिल्यांदा कोणी नेलं, कोणती शंका छळत होती, घरात कोणाला सांगितलं, कोणापासून लपवलं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ म्हणा. लेखी जबाबाशी विसंगती आली की सगळंच संशयास्पद ठरू शकतं. दुभाष्याची भीती वाटत असेल तर सुरुवातीलाच बदलून मागा.

धर्मांतर परदेशात झालं तरी दावा करता येतो, फक्त कसून तपासणी होते. अशा वेळी तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या धर्मगुरूची साक्ष दाखल्यापेक्षा मोलाची. ‘घरात गुपचूप पाळा’ म्हणून अर्ज नाकारता येत नाही, हे युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेत मात्र सहसा पोहोचल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वकील आधी गाठा.