आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, रंग नंतर : वाचकांचे प्रश्न

पावसाळा उतरणीला लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत गळती, ओल आणि पुराचंच पाणी जास्त असतं, आणि बहुतेक पत्रांत शेवटचं वाक्य तेच, की दिवाळीच्या आत घर नीट करायचंय. ती घाई समजते. पण याच घाईत लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात म्हणून यावेळी जरा सविस्तर उत्तरं देतोय.

प्रश्न : आमचं घर गोदाघाटाच्या जवळच्या गल्लीत, तळमजल्यावर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो, घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. आता गाळ काढला, फिनाईलने दोनदा धुतलं. पेंटर म्हणतो आठ दिवसांत पुट्टी मारून देतो, मिस्टर पण म्हणतात करून टाकू एकदाचं. फ्रिज अजून लावून बघितला नाही, लावू का? — एक गृहिणी, जुनं नाशिक

ताई, फ्रिज लावू नका, अजिबात नाही. नुसता फ्रिजच नाही तर पाण्यात बुडालेली कुठलीच वस्तू, मिक्सर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, काहीच मेकॅनिकने उघडून वाळवून बघितल्याशिवाय प्लगला लावायची नाही, बाहेरून कोरडं दिसलं तरी आत मोटरमध्ये गाळ बसलेला असतो. त्याच्याही आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि खालचे सगळे बोर्ड उघडायला लावा. पाणी शिरलेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) पुसून परत वापरायचे नाहीत, बदलायचे. आणि बदलताच आहात तर बोर्ड कमरेच्या वर घ्या आणि वायर वरून खाली आणा. तुमच्या गल्लीने २००८ बघितलं, २०१६ बघितलं, २०१९ बघितलं, जुन्या लोकांना १९६९ आठवतं, म्हणजे पाणी परत येणार हे धरूनच घर लावायचं. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच, नसेल तर तो या वेळी बसवूनच घ्या, ओल्या भिंतीच्या घरात तो जीव वाचवतो.

आता भिंत. पेंटरला सध्या नाही म्हणा, माझा अगदी ठाम सल्ला आहे. पाणी गुडघ्याच्या वर होतं म्हणता, पण विटा पाणी वर ओढतात त्यामुळे ओल त्याच्याही बरीच वर चढलेली असणार, डोळ्याला दिसत नसली तरी. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की आतलं पाणी आतच अडकतं आणि मग दोन-तीन महिन्यांत फुगे, पापुद्रे, पांढरा खार, काळी बुरशी, म्हणजे परत खरवडा आणि परत मारा. आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत भिंत वाळतच नाही हो, खरं वाळायला सुरुवात होते ती ऑक्टोबर हीटमध्ये. तोवर कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, फ्लेक्स, वॉलपेपर, पॅनेल जे काही लावलं असेल ते काढून टाका, ऊन असेल तेव्हा दारं-खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. खालच्या भागात जिप्समचं प्लास्टर किंवा पीओपी असेल तर ते गेलंच समजा, काढून टाका. सिमेंटचं प्लास्टर टिकतं, फक्त नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तेवढा भाग पाडा.

भिंत वाळली का हे कसं कळणार? दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून पाणी सोडतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली दमटी. दोन-तीन ठिकाणी करा, खाली पण आणि वर पण. दिवाळीपर्यंत थेंब यायचे थांबले नाहीत तर यंदा नुसता चुन्याचा हात मारा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, खर्च किरकोळ, घर उजळ दिसतं, आणि पुट्टी-रंग मार्च-एप्रिलमध्ये सावकाश करा.

फिनाईलने धुतलंत ते ठीक पण पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतंच. फरशी आणि भिंतीचा खालचा भाग आधी साबणाने घासा आणि मग टीसीएल पावडरच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, आणि टीसीएल टाकलेल्या जागी ॲसिड चुकूनसुद्धा टाकू नका, विषारी वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तर फारच धोका. जमिनीखालची टाकी असेल तर ती पूर्ण उपसून घासून टीसीएलने धुवूनच परत भरायची, आणि तोवर प्यायचं पाणी चांगलं उकळून घ्या. तांब्या-पितळेची, स्टीलची भांडी गरम पाण्यात धुवून वापरता येतात. कापसाच्या गाद्या, उशा, भिजलेलं धान्य, पीठ-मसाले मात्र टाका, जीव तुटतो कळतं मला, वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवलेले असतात, पण ते वाळवून खायचे नाहीत. सागवानी कपाट सावलीत वाळवा, उन्हात ठेवलंत की वाकडं होतं. साध्या प्लायचं असेल तर ते फुगून सुटतं, त्यावर सुताराचे पैसे घालू नका. गॅसचा सिलिंडर आणि शेगडी पाण्यात होती का? तर एजन्सीच्या माणसाकडून तपासून घेतल्यावरच पेटवा.

आणि घरातल्या कुणालाही, विशेषतः गाळ काढताना पायाला जखम असलेल्याला, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की पुराच्या पाण्यात उतरलो होतो. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस, वेळेत ओळखला तर बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंडावर जातो.

प्रश्न : इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, वर एकच मजला आहे. बाथरूमच्या स्लॅबमधून ओल येते आणि आता बेडरूमच्या कोपऱ्यात पण आलीय. वरचे म्हणतात आमच्याकडे काहीच गळत नाही, टेरेसचं पाणी असेल. सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो खालून इंजेक्शन मारू, म्हणजे स्लॅबला भोकं पाडून केमिकल भरू, काम फत्ते. बिल्डिंग चार वर्षांची आहे. — वैतागलेला वाचक

दादा, भांडण सुरू व्हायच्या आधी एक आठवडा वही-पेन घेऊन नुसतं निरीक्षण करा. ओल चोवीस तास सारखीच असते का, की सकाळी आंघोळी झाल्यावर वाढते, की पाऊस पडल्यावर वाढते? सतत सारखी असेल तर बहुतेक प्रेशरची पाण्याची लाईन, कारण तिच्यात कायम पाणी असतं. वापर झाल्यावर वाढत असेल तर ड्रेनेज, नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जाळी) किंवा टाइल्सच्या फटी. पावसानंतरच वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा सिल, किंवा टेरेसवरून डक्टमधल्या पाइपाच्या कडेने उतरणारं पाणी. तुमच्या आणि टेरेसच्या मध्ये एक अख्खा मजला आहे, त्यामुळे टेरेसचं पाणी वरच्यांची छत कोरडी ठेवून नेमकं तुमच्या बाथरूममध्ये येणं अवघड, पण डक्टमधून येऊ शकतं, म्हणून लगेच कुणावर ठपका ठेवू नका.

मग वरच्यांना नीट विनंती करून एक टेस्ट करा. त्यांचं बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायचं, त्या काळात मेन कॉक चालू पण सगळे नळ बंद. खालची ओल तरीही तशीच राहिली तर लाईन. कमी झाली तर नहाणीच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट घालायचा, इंच-दीड इंच पाणी भरून त्यात थोडासा खायचा रंग टाकायचा आणि एक दिवस ठेवायचं. खाली रंगीत डाग आला की वाद संपला, कुणी कुणाला खोटं पाडायचं कामच राहत नाही. सोसायटीचा एक माणूस साक्षीला उभा करा आणि फोटो तारखेसकट काढा.

खर्च कोणाचा, तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत) हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय. टेरेस, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपलाईन आणि ड्रेनेज लाईन यातून होणारी गळती सोसायटीने तिच्या खर्चाने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम, सिंकमधून होणारी गळती संबंधित फ्लॅटधारकांच्या खर्चाने. म्हणजे 'तुमचं तुम्ही बघा' हे सेक्रेटरींचं उत्तर कारण सापडायच्या आधी देता येतच नाही. त्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि पत्रात टेस्टची मागणी करा. उत्तर नाही आलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात जाता येतं.

आणि बिल्डिंग चार वर्षांची आहे हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, तुम्ही ते शेवटी टाकलंत! रेरा, म्हणजे घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्या व्यवहाराचा कायदा, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. वॉटरप्रूफिंग पहिल्यापासूनच कच्चं असेल तर तुम्ही आणि वरचे एकमेकांशी कशाला भांडताय, दोघं मिळून बिल्डरला लेखी द्या, मुदत संपायच्या आत द्या, फोनवर बोलून सोडू नका.

इंजेक्शनबद्दल. खालून मारलेलं इंजेक्शन पाणी त्या जागी अडवतं, पण वरून येणारं पाणी थांबत नाही, ते दुसरी वाट काढतं, तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात निघालं ना तसंच. वरून दुरुस्त करायला खरंच वाव नसेल तेव्हा ते ठीक. आधी वरच्या टाइल्सच्या फटीत इपॉक्सी ग्राऊट आणि नहाणीभोवतीचा जोड नीट करून बघा, पुष्कळदा तेवढ्यात भागतं आणि फोडाफोड वाचते. मात्र स्लॅबचा तुकडा पडून सळई दिसायला लागली असेल, तांबडा गंज दिसत असेल, तर पुट्टी लावून झाकू नका. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे.

प्रश्न : आमचा पंचवटीतला वाडा आजोबांच्याही आधीचा. पाच-सहा वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीला खालून सिमेंटचं प्लास्टर केलं, तरी ओल वर वर चढतेय, आता छातीपर्यंत आलीय. महापालिकेची नोटीस अजून आलेली नाही. काय करावं? — एक ज्येष्ठ वाचक

काका, ओल वाढली ती त्या प्लास्टरमुळेच असण्याची शक्यता जास्त. जुन्या वाड्याची भिंत विटा, माती, चुना यांची, जमिनीतून थोडं पाणी ओढायचं आणि वाऱ्या-उन्हाने बाहेर सोडायचं हा तिचा नेहमीचा क्रम. सिमेंटने बाहेरचा रस्ता बंद केला की ते पाणी प्लास्टरच्या वरच्या कडेपर्यंत चढतं. पावसाळा संपल्यावर खालचं सिमेंट काढून टाका, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा, आणि मग चुन्याचं प्लास्टर करणारा गवंडी शोधून त्याच्याकडूनच करून घ्या. छपराची पन्हळ तुंबून पाणी भिंतीवर येतं का आणि अंगणाचा उतार भिंतीकडे आहे का हे आत्ताच बघा, याला फार खर्च नाही.

पण त्याच्या आधी वाडा उभा राहणार का ते बघायचंय. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे पडल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि नोटीस आली नाही म्हणजे वाडा सुरक्षित असं नसतं. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलतेय. आतापर्यंत नीट लागणारं दार अचानक अडायला लागलं, भिंतीला पोट आलं, तुळईच्या टोकाजवळून माती झरायला लागली, यातलं एक जरी दिसलं तर त्या खोलीत रात्र काढू नका. भाडेकरूंशी वाद चालू असेल, भावकीत वाटणी व्हायची असेल, तरीही माणसं आधी बाहेर काढा, बाकीचं कोर्टात सावकाश चालू दे.

प्रश्न : पुरात घरातलं सामान गेलं आणि घाटाजवळ लावलेली कार पण बुडाली. घराचं इन्शुरन्स बँकेने लोनच्या वेळी काढलं होतं बहुतेक. काही मिळेल का? — नोकरदार वाचक

आधी पॉलिसीचा कागद बँकेकडून मागवा. 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या विमा कंपन्यांनी द्यायची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे, त्यात पूर येतो, आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही येतं. हळूहळू झिरपून आलेली ओल मात्र धरत नाहीत, ती देखभालीत मोजतात. बँकेने लोनपुरतं काढलेलं असेल तर फक्त बांधकामाचं आहे की आतल्या सामानाचंही आहे ते नीट वाचा.

कंपनीला लगेच कळवा. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली तिथे पेन्सिलने खूण करून पट्टी धरून फोटो काढा, प्रत्येक वस्तूचा वेगळा फोटो, मॉडेल नंबर दिसेल असा. तलाठी किंवा तहसीलकडून पंचनामा होत असेल तर घरी थांबून तो करून घ्या आणि त्याची नक्कल मागा, सरकारी मदतीलाही तोच लागतो. गाडीला किल्ली लावू नका, बॅटरीची वायर काढा आणि टो करून गॅरेजला न्या, कारण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च कंपनी नाकारते. नुसतं थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतंच इन्शुरन्स असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही.

कागदपत्रं भिजली असतील तर एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, तशीच गठ्ठ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून चालू असलेल्या एखाद्या फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि नंतर एकेक पान सावकाश सोडवून वाळवता येतं. सातबारा ऑनलाइन परत काढता येतो, आधार आणि लायसन्स डिजिलॉकरवर मिळतं, त्यामुळे आधी खरेदीखत आणि जुने फोटो वाचवा. आणि नुकसान तपासणारा विमा सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत भिजलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका, फारच वास येत असेल तर निदान फोटो आणि यादी करून, कंपनीला मेल टाकून मगच बाहेर काढा.