सोंड काढली म्हणजे शिकली असं नव्हे

तुमची पोस्ट वाचली. लवंगेचा वास आणि लगेच साखरपाणी असं केल्यावर तिसऱ्या फेरीपासून बहुतेक सातेरी मधमाश्या नुसत्या वासावर सोंड काढायला लागल्या. मग सहज म्हणून पुदिना दिला तर त्यालाही काढली! आणि सर म्हणतात, "निकाल आला, लिहून टाक." माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टची हीच रड होती. माशी नळीत अडकवणं वगैरे तुम्हाला जमलेलं दिसतंय, ते सोडते.

एवढ्यात काही लिहू नका. साखर चाखलेली भुकेली माशी पुढची काही मिनिटं चाळवलेलीच असते, कुठल्याही वासाला सोंड काढते. ते अभिसंधान, म्हणजे वास आणि साखरेची जोडी शिकणं, नव्हे. फरक दाखवायचा तर दोन वास हवेतच: एकाबरोबर साखर, दुसऱ्याबरोबर काहीच नाही, आलटून-पालटून, मध्ये दहाएक मिनिटं सोडून. निम्म्या माश्यांना वासांची अदलाबदल. १९८३ मध्ये कॅर्यू, हॉकिन्स आणि कँडेल यांनी अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर असंच केलं. एकाच प्राण्याला सायफनवर (पाणी बाहेर टाकायची नळी) आणि प्रावरणाच्या (अंगावरचं पातळ आवरण) कडेला हलका स्पर्श, पण शेपटीचा शॉक त्यातल्या एकाच स्पर्शाच्या जोडीला. उलट १९५५ मध्ये थॉम्पसन आणि मॅकॉनेल यांनी प्लॅनेरिया हा चपटा किडा उजेड-शॉकची जोडी शिकतो असं दाखवलं, तेव्हा फक्त उजेडाचा वेगळा गट ठेवूनही पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. तुमच्याकडे तर तेवढाही गट नाही.

आता माझं दुखणं. मागणीपत्रात मी दोन वास लिहिले होते. खरेदी विभागातल्या साहेबांनी दुसऱ्यावर लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, "एक सुगंधी द्रव्य आहे, दुसरे कशासाठी?" खुलासा दिला, तर तीन कोटेशन आणा. कोटेशन आणली, तर एकावर शिक्का नाही. बाटली आली तेव्हा पेटीतली वसाहत केव्हाच उडून गेली होती. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न: "दुसरा वास कुठाय?" त्या साहेबांना बोलवावंसं वाटलं होतं.

म्हणून सांगते, कागदांच्या नादी लागू नका, दुसरा वास मेडिकलमधून स्वखर्चाने आणा. शुद्ध रसायन नसतं ते, पण एमएस्सीपुरतं चालावं. शेवटपर्यंत बाटली तीच ठेवा.

आणखी एक, प्रयोगशाळेत सकाळी उदबत्ती लावणारे मामा असतील तर त्यांना हात जोडा. एक्झॉस्ट नसेल तर मागच्या फेरीचा वासही खोलीत रेंगाळतो. पहिल्याच फेरीत, साखर मिळायच्या आधी वासाला सोंड काढणारी माशी बाद. शेवटी स्पर्शिकेला साखरपाणी लावूनही न काढणारी, तीही बाद.

मी या क्षेत्रात आता नाही, शाळेत शिकवते, तेव्हा अंतिम शब्द तुमच्या सरांचा. पण ते "लिहून टाक" म्हणत असतील, तर कंट्रोलशिवाय, म्हणजे तुलनेच्या दुसऱ्या वासाशिवाय, चालेल असं त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. पहिल्या फेरीचे आकडे इथे टाकलेत तर बघते.