मुस्लिम समाजात लसीला विरोध होतो तो धर्मामुळे का?

थोडाफार, पण मुख्य कारण धर्म नाही. हजला जायचं तर मेंदूज्वराची लस सक्तीची असते. मालेगाव, भिवंडीचे यात्रेकरू दंड पुढे करून ती घेतात, तिथे कुणी हराम-हलाल काढत बसत नाही.

डुकरापासून मिळणाऱ्या घटकांचा प्रश्न मात्र खरा आहे. इंडोनेशियातल्या उलेमा परिषदेने २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीबद्दल फतवा काढला: घटक हराम, पण दुसरा पर्याय नाही आणि आजार गंभीर, म्हणून लस चालेल. गंमत अशी की लोकांनी पहिला अर्धाच ऐकला आणि बऱ्याच भागांत लसीकरण घसरलं.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी भीती वेगळीच होती: या थेंबांनी मुलं नपुंसक होतील. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी ज्यांनी पाहिली, त्यांना ही अफवा पटायला वेळ लागला नाही. त्यात दवाखान्यात साधं औषध मिळत नाही, गटारं तुंबलेली, आणि थेंब पाजायला मात्र सरकार घरापर्यंत येतं! संशय येणारच. मग इमामांनी मशिदीच्या भोंग्यावरून आवाहन केलं, अलीगढ आणि जामिया या विद्यापीठांची माणसं दारोदार फिरली, ओळखीच्या बायका घरात जाऊन बोलल्या. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला.

उलट पाकिस्तानात ओसामाच्या शोधासाठी सीआयएने खोटी लसीकरण मोहीम चालवली. तिची किंमत तिथल्या पोलिओ कर्मचाऱ्यांनी जिवानिशी मोजली.