पंचाऐंशीच्या आत सांगितलं तर काका रागावतील?

प्रश्न : आम्ही वारज्याला भाड्याने राहतो. कर्वेनगरमधला एक दोन बीएचके फ्लॅट मनात भरलाय. इमारत १९८९ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ६१० चौरस फूट. मालक पंचाहत्तरीचे काका, एकटेच असतात. मुलीकडे बंगळूरला कायमचे जाणार आहेत. ९८ लाख म्हणतात. आमची उडी ८५पर्यंत. एजंट म्हणतो, ‘नव्वदच्या खाली तोंडच उघडू नका, काकांना अपमान वाटेल.’ आमचे हे म्हणतात, ७५पासून सुरू करू. मला दोन्ही पटत नाही.

उत्तर : एजंटाची दलाली रकमेवर टक्क्याने असते. काकांचा मान त्याला जरा जास्तच जपावासा वाटणार! पण यजमानांचे ७५ही मंडईतले झाले, सांगितल्याचा पाऊणपट. त्यामागे कारण काय, असं काकांनी विचारलं तर गप्प बसावं लागेल.

मी बावीस वर्षं बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते. जाहिरातीतला भाव आणि दस्तातला भाव यांत किती अंतर असतं ते रोज पाहिलंय. तेव्हा आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जा. त्या सोसायटीतले, नाहीतर शेजारच्या बिनलिफ्टच्या इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढा. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशाच्या कागदावर, मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. फक्त क्षेत्रफळ नीट वाचा. एकात कार्पेट (भिंतींच्या आतलं) आणि दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसकट) धरून लोक भलतेच दर काढतात.

दुसरा आकडा, बाजारभाव, रेडीरेकनरवरून, म्हणजे सरकारच्या दरपत्रकावरून निघतो (जुन्या इमारतीला घसारा मिळतो, तो वजा करायला विसरू नका). तुमच्या घासाघिशीची खालची पायरी तो ठरवतो. समजा, काका ८० लाखांना तयार झाले आणि सरकारी मूल्य निघालं ९०. मुद्रांक शुल्क तुम्ही ९०वरच भरणार. शिवाय फरक किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त, म्हणून ते अख्खे दहा लाख तुमचंच उत्पन्न धरून आयकर लागेल. काकांचा भांडवली नफाही ९० धरूनच मोजतील. स्वस्तात मिळालेलं घर असं महाग पडताना मी पाहिलंय. पुण्यात शुल्क सात टक्के आहे, घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर सहा. यजमानांशी बोलून बघा.

आता ९८मध्ये काय काय धरलंय ते पाहू. कर्वेनगरातल्या जुन्या इमारतींत हल्ली ‘रिडेव्हलपमेंट होणार आहे’ याचे पैसे आधीच मागतात. काकांना विचारा, सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतर, झालंय का? सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? इतिवृत्ताची प्रत मागा. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल, तर ते नव्या इमारतीचं स्वप्न आहे, त्याचे पैसे देऊ नका. बिनलिफ्टचा तिसरा मजला हे तर सरळ कारण आहे. काका स्वतः रोज चढतात, त्यांना पटवावं लागणार नाही.

‘पंचाऐंशी चेकने, वरचे रोख’ असं कुणी सुचवलं तर विषय तिथेच मिटवा.

राहिला अपमान. २००६ साली आम्ही अण्णांचं साताऱ्याचं घर विकलं. पहिलं गिऱ्हाईक दारातून आत आल्यापासून भिंती वाजवत होतं. ओल दाखवली, फरशी दाखवली, आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालं, ‘हे सगळं पाडावंच लागेल.’ अण्णांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर एक शिक्षक जोडपं आलं. त्यांचा आकडा पहिल्यापेक्षा चाळीस हजारांनी कमी. पण म्हणाले, ‘आमची ऐपत एवढीच, दिवाळीच्या आत सगळे देतो.’ घर त्यांना गेलं. मी तेव्हा अण्णांवर चिडले होते, खोटं कशाला बोलू.

म्हणून घराला नावं ठेवू नका. बँकेची तत्त्वतः मंजुरी हातात घेऊन, शक्यतो एजंटाला न पाठवता दोघांनी जा. इंडेक्स टूचे दोन-तीन कागद पुढे ठेवा आणि जिथे ते आकडे नेतील तिथून सुरुवात करा. माझ्या अंदाजाने ८०-८१. तुमची हद्द ८५ असेल तर चार-पाच लाखांची जागा हातात राहू द्या, कारण काकाही एकदा तरी ‘थोडं वर या’ म्हणणारच. काका म्हणतील ती तारीख आपण पाळू, हेही सांगा. पंचाहत्तरीच्या माणसाला दोन लाखांपेक्षा सामान कधी बांधायचं हे नक्की कळण्याची किंमत जास्त असू शकते.

बोलून झालं की विसार लगेच देऊ नका. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जाऊ दे. त्याचं मूल्यांकन आणि करारातली रक्कम यांत जे कमी, त्यावरच बँक कर्ज मोजते. नकार आला तर आठवडा जाऊ द्या. मग एकदाच फोन करा, भावाचं काढू नका, बंगळूरला कधी निघताय तेवढं विचारा.