लायसोसोमच्या (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीच्या) आजारांची एन्झाइम थेरपी, म्हणजे शरीरात कमी असलेलं एन्झाइम बाहेरून देणं, कुत्र्या-मांजरांवर का तपासली? उंदीर पुरत नव्हते का?

उंदीर वापरलेच, पण उंदीर पडला बोटभर. हाडं, हृदयाच्या झडपा, मेंदूचा आकार या बाबतीत कुत्रा-मांजर माणसाच्या बरंच जवळचं. शिवाय हे आजार त्यांना मुद्दाम द्यावे लागत नाहीत, जन्मतःच होतात. सयामी मांजरांत एमपीएस ६ हा यातलाच एक आजार सापडला: चपटं तोंड, छोटे कान, धुरकट बुबुळं. अगदी आजारी मुलांसारखंच.

मला सगळ्यात आवडतो तो जपानी लावा पक्षी! पॉम्पे या लायसोसोमच्याच आजारात स्नायूंत ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साचतं, त्यामुळे उताणं ठेवलं की या पक्ष्याला उलटताच येत नाही. १९९८ साली त्यांना मानवी एन्झाइम टोचलं आणि ते पंख फडफडवायला लागले. माणसांसाठीचं औषध अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं.

मर्यादाही प्राण्यांतच आधी दिसल्या. शिरेतून दिलेलं एन्झाइम यकृत-प्लीहेत मस्त पोचतं, कूर्चा आणि बुबुळात जेमतेम, मेंदूत जवळपास नाहीच. म्हणून सीएलएन२ (मेंदू झिजवणारा असाच एक आजार) असलेल्या डाकशुंड कुत्र्यांत ते थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडलं. त्याच वाटेचं औषध २०१७ पासून मुलांना मिळतं.

तुम्ही मुंबईतल्या पेशंटसाठी विचारत असाल तर परळचं केईएम गाठा. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणातलं ते उत्कृष्टता केंद्र आहे, मदत ५० लाखांपर्यंत. एन्झाइम मात्र आयुष्यभर लागतं, हा हिशेब आधीच डॉक्टरांसोबत बसून करा.