मराठी घरचीच, मग ऑनलाइन तासाला का बसायचं?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातल्या खेड्यात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी व्याकरणाचे तास ऑनलाइन होतात. वर्गातली मुलं म्हणतात, घरची भाषा मोबाइलवर काय शिकायची? मला लिपिक किंवा तलाठी व्हायचं आहे. या तासांचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण नुसतं ऐकून नाही. २०२३च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न मराठीचे होते. एवढे गुण घरच्या भरवशावर सोडू नकोस.

वऱ्हाडीबद्दल मनात कमीपणा अजिबात नको. पण घरी आपण ‘पानी’, ‘कोन’, ‘डोया’ म्हणतो आणि पेपरात ‘पाणी’, ‘कोण’, ‘डोळा’ लागतं. तिथे कानावर विसंबून चालत नाही, डोळ्याला वळण लावावं लागतं.

मोबाइलचा खरा तोटा वेगळाच आहे. तू ‘विहिर’ टाइप करायला गेलीस की कीबोर्डच ‘विहीर’ सुचवतो. चूक झाकली जाते आणि परीक्षेत उघडी पडते. त्यातून ‘विहीर’ दीर्घ, पण ‘विहिरीत’ ह्रस्व. ‘गरीब’, पण ‘गरिबाला’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत : ‘शरीर’, ‘शरीराला’. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे १८ नियम आहेत. आधी अनुस्वार आणि ह्रस्व-दीर्घाचेच घे; आपल्याकडची मुलं तिथेच अडकतात.

तासाचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर रेंज असेल तेव्हा ३६०पीवर उतरवून ठेव. त्याहून कमी ठेवलंस तर फळ्यावरच्या वेलांट्या दिसत नाहीत. तास संपला की मोबाइल बाजूला ठेव. दहावीचं मराठीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातल्या दहा ओळी मैत्रिणीला वाचायला सांग, पेनाने लिही आणि मुळाशी ताडून बघ. चुकलेला शब्द तीन रूपांत लिही : विहीर, विहिरी, विहिरीत. आठवड्यातून एका पानाचा फोटो सरांना पाठव. एकच; पाच पाठवलीस तर तपासायची राहून जातात.

लिपिक-टंकलेखकासाठी मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द लागतं. मोबाइलवरचा सराव त्याला कामी येत नाही. ते टायपिंगच्या क्लासला जाऊनच शिक. बोटं चुकीच्या कळांवर बसली की ती सवय मोडायला फार वेळ जातो.